चौदा जणांचं घर

शनिवारी अकराला एक टोळी जाते, चारला दुसरी येते.
मधले पाच तास घर माझं.
चौदा उशा, चौदा अभ्रे, चौदा टॉवेल दोरीवर
आणि चिलोए बेटाचं आभाळ,
जे कुठलंच कापड पुरतं वाळू देत नाही.
काटे मोजते. तेरा.
नेहमीच तेरा.

मालक सान्तियागोत लोकांचे दात काढतात.
फोनवर म्हणाले, एदुविना,
जवळपास जेवायला कुठे, त्याचा एक कागद करा.
मी सांगितलं, त्यांच्या मुलीनं टाइप करून
प्लास्टिकमध्ये घातलं:
धक्क्यावर रोसामेलची खाणावळ, चालत चार मिनिटं.
चर्चमागे ओतिलियाबाईंकडे मिल्काओ,
रविवारी कुरांतो, आदल्या दिवशी सांगावं लागतं.
फेरीबोटीच्या वाटेवर पिझ्झा.

कागदावर नाही ते असं:
रोसामेल माझा मावसभाऊ, भरतीचं गणित चुकलं
की त्याच्याकडे शिंपले नसतात,
आणि तसं सांगण्यापेक्षा तो दार लावून घेतो;
ओतिलियाशी मी नऊ वर्षं बोलत नाही,
तरी बटाटा किसावा तर तिनंच.

पाहुणे अभिप्राय देतात: जागा स्वच्छ.
शेगडी धूर करते. जमीन कलती आहे.
मालक म्हणाले, सुतार बोलवा.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
हे घर खरोखर फिरलेलं आहे, वासे आहेत तसेच.
मोठ्या भूकंपानंतर
समुद्र स्वयंपाकघरात येऊन गेला,
तेव्हा बाबांनी गावात शब्द टाकला.
नुसता शब्द, पैसे नाहीत. त्याला मिंगा म्हणतात.
पासष्ट माणसं आली, अठरा बैल.
तावदानं काढली, चूल काढली,
संत अंतोनियो आईच्या मांडीवर.
ओंडक्यांवरून घर किनाऱ्याला उतरलं,
भरतीला तरंगलं,
सहा होड्यांनी त्याला पलीकडे ओढलं.
मी सहा वर्षांची, मागच्या होडीत.
आमची माडी लाटांवर डुलत होती
आणि धुराड्याला टेकून एक कोंबडी,
जी कुणाच्याच हाती लागली नव्हती.
खाडीच्या मध्यावर घर एका अंगाला गेलं.
सगळे गप्प. बाबांनी टोपी काढली.
मग सावरलं ते,
पण पुरतं नाही.
राहिलं ते अजून जमिनीत आहे,
ईशान्येच्या कोपऱ्याकडे, बोटभर.

मजुरी म्हणजे जेवण. आई दोन दिवस रांधत होती.
पासष्ट जणांची पंगत, आणि काटा एकही नव्हता.

फेब्रुवारीत तालकाहून अकरा जण आले,
निवृत्त बसचालक, बायका, नातवंडं.
तीन दिवस पाऊस. रोसामेलचं दार बंद.
मी लाकडं घेऊन गेले तर पोरं
ओट्यापासून लिंबं सोडत होती,
आणि प्रत्येक लिंबू, कुणीही सोडलं तरी,
त्याच कोपऱ्यात जाऊन थांबत होतं.
मोठी माणसं खुर्च्या वळवून बघत बसलेली.
एर्नाल्दो नावाचे म्हातारे म्हणाले,
बाई, तीन रात्री मला वळणावर असल्यासारखं वाटतंय.
हे घर कुठे निघालंय?
म्हटलं, जाऊन आलंय.
ते हसले नाहीत. मान हलवली,
ओळखीची गाडी समोरून गेल्यावर हलवतात तशी.

सुताराला सांगितलंय, पुढच्या शनिवारी ये.
गेल्या शनिवारीही तेच सांगितलं होतं.
टेबलावर टोपलीत सहा लिंबं ठेवते,
चहासाठी म्हणा.
मग गुडघे टेकून कोपऱ्यातल्या कपाटाखाली हात घालते:
निळा मणी, शंभर पेसोंचं नाणं,
कुणाचं तरी एकच कर्णफूल.
काटा नाही.
पावणेचार. दोरीवरचं अजून ओलं आहे.